सॉनी रॉलिन्स यांचा ‘द ब्रिज’ कसा ऐकावा : नव्या श्रोत्यांसाठी, मतभेदांसकट

जॅझ ऐकायला लागलेल्या माणसापुढे एक पेच लवकर उभा राहतो. कुणीतरी एखादा अल्बम ‘हा ऐकलाच पाहिजे’ म्हणून हाती देतो, आणि त्याच अल्बमबद्दल दुसरा जाणकार नेमके उलटे बोलतो. टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांचा १९६२ सालचा ‘द ब्रिज’ हा याचा ठळक नमुना. काहींच्या मते तो त्यांच्या सर्वांत परिपक्व अल्बमांपैकी एक आहे. काहींच्या मते तो चांगला वाजवलेला पण सपाट आहे, आणि त्याची कीर्ती संगीतापेक्षा त्यामागच्या गोष्टीने वाढवलेली आहे. दोन्ही बाजूंना चांगल्या कानाची माणसे आहेत. मग नवख्याने कुणाचे मानायचे?

माझा सल्ला असा की मते जरूर वाचावीत, पण प्रत्येक मत रेकॉर्डवर नेऊन तपासावे. ते कुठल्या वाजवण्याबद्दल आहे, कुठल्या जागेबद्दल आहे, हे सापडले तर ते मत कामाचे. सापडले नाही, तर ते बहुधा अल्बमबद्दल नसतेच. ते त्या काळाबद्दल असते, नाहीतर बोलणाऱ्याच्या अपेक्षेबद्दल. हे तपासायचे कसे, ते पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : काही न वाचता एकदा ऐका

अल्बम सुमारे चाळीस मिनिटांचा आहे, सहा रचनांचा. मूळ तबकडीवर प्रत्येक बाजूला तीन होत्या. पहिल्या बाजूला ‘विदाउट अ साँग’, ‘व्हेअर आर यू?’ आणि ‘जॉन एस.’, दुसऱ्या बाजूला ‘द ब्रिज’, ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ आणि ‘यू डू समथिंग टू मी’. ऑनलाइन ऐकत असाल तर क्रम बदलू देऊ नका आणि तीन रचनांनंतर थोडा वेळ थांबा. तो क्रम विचार करून लावलेला आहे. पहिल्या बाजूचा शेवट खडबडीत होतो आणि दुसरी बाजू वेगाने सुरू होते.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. त्यात बास जवळपास नाहीसा होतो, आणि या अल्बममध्ये बासच जमीन आहे. साधे हेडफोनही पुरतात. ऐकताना वाचन नको, काम नको.

वाद्ये चारच आहेत, त्यामुळे ओळख सोपी जाते. टेनर सॅक्सोफोन रॉलिन्स यांचा, गिटार जिम हॉल यांची, डबल बास बॉब क्रॅनशॉ यांचा. ड्रम्सवर बहुतेक ठिकाणी बेन रायली आहेत, फक्त ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’मध्ये एच. टी. सॉन्डर्स. पियानो नाही. हे लक्षात ठेवा, कारण अर्धेअधिक मतभेद इथूनच निघतात.

आपल्या कानाला सॅक्सोफोन परका नाही. ‘है दुनिया उसी की’मधला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन कितीतरी जणांना पाठ असेल. पण तिथे तो गाण्याच्या कडव्यांमधल्या जागा भरतो. इथे गायक नाहीच, सगळे बोलणे सॅक्सोफोनलाच करायचे आहे. आणि टेनरचा आवाज पुरुषी खर्जाच्या जवळचा, जाड. रॉलिन्स यांचा तर विशेषच.

दुसरी पायरी : चाल ओळखा, मग तिचे काय होते ते पाहा

इथे बहुतेक नवे श्रोते हरवतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सहापैकी चार रचना रॉलिन्स यांच्या नाहीत. त्या त्या काळातली लोकप्रिय गाणी आहेत. ‘विदाउट अ साँग’ आणि ‘यू डू समथिंग टू मी’ ही दोन्ही १९२९ सालच्या ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीत नाटकांतली, ‘व्हेअर आर यू?’ १९३७ सालच्या एका चित्रपटातले, आणि ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ हे गायिका बिली हॉलिडे यांनी सहलेखन करून गायलेले गाणे. मराठी श्रोत्याला हा प्रकार नवा वाटायला नको. नाट्यपद रंगभूमीवरून मैफलीत येते, ख्यालगायक ते घेतो, मुखडा ओळखू येईल असा ठेवतो आणि मग त्यात स्वतःचा विस्तार करतो. जॅझमध्ये ब्रॉडवेच्या गाण्यांचे हेच झाले.

फरकही समजून घ्या. आपल्याकडे षड्ज कायम असतो आणि विस्तार त्याच्याभोवती होतो. इथे तंबोरा नाही. खाली स्वरमेळांची, म्हणजे कॉर्ड्सची, एक ठरलेली साखळी असते आणि ती पुढे सरकत राहते. गाण्याची एक पूर्ण फेरी संपली की साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्या फेरीला ‘कोरस’ म्हणतात. एकल वादन म्हणजे अशा अनेक फेऱ्या. आवर्तन मोजायची सवय असेल त्याला हे लवकर जमते, फक्त आवर्तन खूप लांब आहे असे समजायचे.

करायचे असे. ‘विदाउट अ साँग’ची मूळ चाल एखाद्या जुन्या गायकाच्या आवाजात एकदा ऐकून घ्या आणि गुणगुणता येईपर्यंत घोळवा. मग अल्बममधली पहिली रचना लावा. रॉलिन्स चाल बरीचशी सरळ वाजवतात. ती संपून एकल वादन सुरू झाले की तुम्ही मनात मूळ चाल गुणगुणत राहा. सुरुवातीला सुटेल. दोन-तीनदा ऐकल्यावर कळायला लागते की सॅक्सोफोन त्या चालीपासून कधी लांब जातो, कधी तिचाच एखादा तुकडा उचलून उलटापालटा करतो, कधी मुद्दाम मागे रेंगाळतो. हे एकदा कळले की कुणाचेही मत तपासायला तुमच्याजवळ साधन आले.

तिसरी पायरी : आता गोष्ट वाचा, पण वेगळी ठेवा

गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. १९५९ साली रॉलिन्स २८ वर्षांचे होते आणि अमेरिकेतल्या आघाडीच्या टेनर वादकांत गणले जात होते. नाव वाढत होते, आणि त्या नावाला पुरे पडेल असे आपण वाजवत नाही असे त्यांना वाटू लागले. त्यांनी जाहीर कार्यक्रम बंद केले. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ग्रँड स्ट्रीटवर ते राहत. इमारतीत एक शेजारीण गरोदर होती, तिला आणि इतरांना त्रास नको म्हणून घरात रियाज करणे त्यांना बरे वाटेना. जवळच विल्यम्सबर्ग पूल होता, ईस्ट नदीवरचा, १९०३ साली खुला झालेला. त्याच्या पादचारी वाटेवर एक अशी जागा सापडली जिथे मनसोक्त वाजवले तरी कुणाला अडचण नव्हती. शेजारून गाड्या धडधडत, खालून बोटी भोंगे देत. तिथे त्यांनी दोन वर्षांहून जास्त काळ रियाज केला, थंडीतसुद्धा, कधी दिवसाचे पंधरा-सोळा तास. सोप्रानो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी कधीकधी सोबतीला येत. १९६१ साली राल्फ बर्टन या पत्रकाराला ते तिथे दिसले आणि ‘मेट्रोनोम’ मासिकात त्यावर लेख आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ‘जॅझ गॅलरी’ या क्लबात रॉलिन्स पुन्हा लोकांसमोर आले, आणि १९६२च्या सुरुवातीला आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला.

ही गोष्ट मला मनापासून आवडते. वरच्या पायरीवर बसलेला माणूस स्वतःहून खाली उतरून पुन्हा स्वर घोटतो, याचे मोल रियाजाची परंपरा असलेल्या आपल्याला सांगावे लागत नाही. पण ती वाचल्यावर कान बदलतात हेही खरे. एखादा लांब स्वर आला की वाटते, हा पुलावरचा. तसे काही नसते. अल्बम स्टुडिओत वाजवलेला आहे. म्हणूनच पहिली पायरी आधी ठेवली.

गोष्टीबरोबर तो काळही पाहा, कारण खरी अडचण तिथे आहे. रॉलिन्स पुलावर असताना खाली जॅझ बदलत होते. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन १९५९च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबात वाजवू लागले, आणि त्यांनी कॉर्ड्सची ठरलेली साखळीच सोडून दिली. दुसरे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा ‘जायंट स्टेप्स’ हा अल्बम १९६० साली आला, ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ १९६१ साली. इतके महिने रियाज करून परतणारा माणूस याहून पुढचे काहीतरी आणील अशी अपेक्षा बांधली गेली. आला तो जुन्या गाण्यांचा, ठरलेल्या साखळीवरचा, संयमाने वाजवलेला अल्बम.

चौथी पायरी : एकेक मत उचला आणि रेकॉर्डवर ठेवा

एक वही घ्या. मत लिहा, आणि समोर रचनेचे नाव व मिनिट-सेकंद लिहा. जागा मिळाली नाही तर रकाना मोकळा ठेवा. ‘द ब्रिज’बद्दल पुन्हा पुन्हा ऐकू येणारी मते अशी.

‘यात नवे काहीच नाही.’ हे सर्वांत जुने मत. अल्बम आला तेव्हा काही समीक्षकांची निराशा झाली ती याच कारणाने. रकाना भरायचा प्रयत्न केलात तर तो मोकळा राहतो असे तुमच्या लक्षात येईल, कारण ‘अमुक नाही’ याला मिनिट-सेकंद नसतात. हे मत १९६२ सालाबद्दल आहे. ज्याने त्या सालात बसून ऐकले त्याचे ते खरे होते, पण आज ऐकणाऱ्याने त्याची निराशा उसनी घेण्याचे कारण नाही. कोलमन आणि कोल्ट्रेन आपल्याला वेगळे ऐकता येतातच.

‘गिटार फार मवाळ आहे.’ याला मात्र जागा सापडतात, आणि भरपूर. जिम हॉल हळू आवाजात वाजवतात, कॉर्ड्स थोडक्या आणि विखुरलेल्या देतात, कधी हात आखडून गप्पच राहतात. ज्याला टेनरच्या समोर तितकेच दणकट काहीतरी हवे असते त्याला हे कमी वाटते. पण इथे कारण समजून घ्यायला हवे. पियानोवादक सतत कॉर्ड्स देत राहिला की सॅक्सोफोनच्या वाटा ठरून जातात. रॉलिन्स यांना ते नको होते. १९५७ साली ‘वे आउट वेस्ट’ या अल्बममध्ये आणि न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबातल्या कार्यक्रमात त्यांनी फक्त बास आणि ड्रम्स घेऊन वाजवले होते. परतताना त्यांनी हॉल यांच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकून त्यांना बोलावले, ते याच नजरेने. कॉर्ड तर हवा, पण वाट अडवणारा नको. ‘विदाउट अ साँग’ पुन्हा लावा आणि या खेपेला सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून फक्त गिटार ऐका. हॉल कुठे बोलतात त्यापेक्षा कुठे बोलत नाहीत ते मोजा. मला तरी वाटते की या अल्बमचे अर्धे श्रेय हॉल यांचे आहे. तुम्हाला तसे वाटले नाही तरी चालेल, पण मत बनवण्याआधी हा एक फेरा नक्की करा.

‘शीर्षक रचना म्हणजे नुसती तयारी.’ ‘द ब्रिज’ ही रचना अतिशय जलद आहे. चाल तुटक, वळणे घेणारी, आणि सॅक्सोफोनच्या सुरांची फेक थक्क करणारी. काही श्रोते याच रचनेसाठी अल्बम घेतात. काहींना यात वेग दिसतो, म्हणणे दिसत नाही. मी या दुसऱ्या मताकडे थोडा झुकतो. पहिल्या वेळी माणूस भारावतो, पुढच्या ऐकण्यांत मात्र मला ‘जॉन एस.’ जास्त देते. तिची सुरुवात अडखळत, कोनाकोनांनी होते, आणि नंतर ती मोकळी सुटते. तिथे रॉलिन्स यांचा खट्याळपणाही ऐकू येतो, जो या अल्बममध्ये इतरत्र फारसा नाही.

‘संथ रचना लांबतात.’ हे मत बहुतेक नव्या श्रोत्यांचे असते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. उपाय असा की ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ एकट्याने, रात्री, दुसरे काही न लावता ऐकावे. स्वर कसा सुरू होतो, मध्ये किती भरतो आणि कसा सोडला जातो, एवढेच ऐकावे. संथ लयीत स्वराला लपायला जागा नसते, हे विलंबित ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. पुलावरच्या रियाजाचा पुरावा हवाच असेल तर मी तो जलद रचनेत शोधणार नाही, इथे शोधीन. ‘व्हेअर आर यू?’बद्दलही माझे हेच म्हणणे आहे, फक्त ती अधिक सरळ आहे.

‘शेवटची रचना भरतीची आहे.’ मान्य. ‘यू डू समथिंग टू मी’ प्रसन्न आहे, पण ती नसती तर अल्बमचे काही बिघडले नसते.

आणि ‘स्टुडिओतले रॉलिन्स खरे रॉलिन्स नव्हेत, ते मंचावरच ऐकावेत.’ हे मत त्यांच्या चाहत्यांत फार पसरलेले आहे, आणि रॉलिन्स यांना स्वतःच्या रेकॉर्डिंग्ज ऐकणे आवडत नसे, त्यामुळे ते अधिक बळावले. ते खोटे नाही. पण ते ‘द ब्रिज’ वाईट असल्याचा पुरावा होत नाही. तपासण्यासाठी पुढची पायरी.

पाचवी पायरी : आधीचे दोन अल्बम ऐकून परत या

‘पूर्वीचे रॉलिन्स जास्त चांगले’ हे म्हणणे समजायला पूर्वीचे रॉलिन्स ऐकावे लागतात. दोन पुरेत.

‘सॅक्सोफोन कोलॉसस’ जून १९५६मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्यातली ‘सेंट टॉमस’ कॅरिबियन लयीची आहे. रॉलिन्स यांचे आईवडील व्हर्जिन बेटांकडचे. नव्या श्रोत्याला ती लगेच आवडते. पण ‘ब्लू सेव्हन’कडे दुर्लक्ष करू नका. अमेरिकन संगीतकार आणि समीक्षक गंथर शुलर यांनी १९५८ साली याच रचनेवर गाजलेला लेख लिहिला. त्यांचे प्रतिपादन असे की रॉलिन्स एक छोटा स्वरसमूह घेतात आणि पूर्ण वादन त्यातूनच वाढवत नेतात. आपल्याकडे ज्याला बढत म्हणतात ती दृष्टी तिथे कामी येते. गंमत अशी की या स्तुतीने रॉलिन्स बिचकले. आपण काय करतो हे कुणी इतके उलगडून सांगितल्यावर वाजवताना तेच मनात येऊ लागले, असे त्यांनी पुढे सांगितले. समीक्षा वाजवणाऱ्यावर काय परिणाम करते याचे हे बोलके उदाहरण आहे, आणि ‘द ब्रिज’आधीच्या मौनाकडे पाहताना ते विसरू नये.

दुसरा, नोव्हेंबर १९५७चा व्हिलेज व्हॅनगार्डमधला. सॅक्सोफोन, बास, ड्रम्स, आणि समोर श्रोते. इथे रॉलिन्स धोके घेतात, गाणे मोडतात, पुन्हा जोडतात. हे ऐकून लगेच ‘द ब्रिज’ लावलात तर तो तुम्हाला शिस्तबद्ध वाटेल. धाडसाच्या मापाने १९५७चे वादन वरचढ आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. स्वराच्या गोलाईच्या आणि दोन वादकांच्या संवादाच्या मापाने १९६२चे. कुठले माप तुम्हाला जवळचे आहे हे इथे कळते, आणि मग इतरांशी वाद घालताना आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते नेमके सांगता येते.

सहावी पायरी : पुढचे ऐका

‘द ब्रिज’ फार सोवळा वाटला असेल तर त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट या क्लबात मुद्रित झालेला ‘अवर मॅन इन जॅझ’ घ्या. ऑर्नेट कोलमन यांच्या गटातले कॉर्नेटवादक डॉन चेरी आणि ड्रमवादक बिली हिगिन्स तिथे सोबतीला आहेत, आणि ‘ओलिओ’ ही एकच रचना पंचवीस मिनिटांच्या वर चालते. ज्यांना ‘नवे’ हवे होते त्यांच्यासाठी ते काही महिन्यांतच आले होते. हा अल्बम सुरुवातीलाच ऐकू नका, डोके भणभणेल.

मुंबईकरांना एक धागा आवडेल. १९६०च्या दशकाच्या शेवटी रॉलिन्स यांनी पुन्हा एकदा मंच सोडला, आणि त्या काळात ते स्वामी चिन्मयानंद यांच्या पवईच्या आश्रमात काही महिने राहिले. योग आणि वेदान्ताची ओढ त्यांना आधीपासून होती. पुढे १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा ते इथे वाजवायलाही आले. ज्यांच्या घरात त्या दिवसांतली वडीलधारी मंडळी आहेत, विशेषतः वांद्रे-माहीमच्या गोवेकर वादकांच्या घरांत, त्यांनी विचारून पाहावे. मंचावरच्या रॉलिन्स यांच्याबद्दलचे मत तिथे ऐकणाऱ्याकडून थेट मिळेल.

शेवटी एक तुलना जरूर करा. ११ सप्टेंबर २००१ रोजी रॉलिन्स न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही चौकांवर राहत होते. त्यांना घर सोडावे लागले. चार दिवसांनी, १५ सप्टेंबरला, त्यांनी बॉस्टनमध्ये ठरलेला कार्यक्रम केला. त्याचे ध्वनिमुद्रण २००५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याची सुरुवात ‘विदाउट अ साँग’नेच होते. १९६२ची पहिली रचना आणि ही, लागोपाठ लावा. दुसरीत गिटार नाही, पियानो आहे आणि ट्रॉम्बोनही आहे. रॉलिन्स ७१ वर्षांचे आहेत, आवाज खरखरीत झालेला आहे, फेऱ्या लांबल्या आहेत. बासवर मात्र दोन्हीकडे बॉब क्रॅनशॉच. पहिल्यांदा ऐकताना चाल गुणगुणा, दुसऱ्यांदा फक्त क्रॅनशॉ ऐका, आणि वहीतले मोकळे राहिलेले रकाने एकदा पुन्हा उघडा.